न घाबरणारी गौर

वैजयंती कुंभोजकरांना फसवणं सोपं नव्हतं. कराडात एकतीस वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवणारी बाई ती. पगार सांगताना मुलगा आधी आईकडे बघतो की आधी पाणी पितो, एवढ्यावरून त्या खरा आकडा काढायच्या. मुलीची मावशी ‘आमच्यात तसं काही नाही हो’ म्हणाली, की ‘तसं काही’ आहे हे त्यांना लगेच कळायचं, आणि नेमकं काय आहे ते चहा संपेपर्यंत कळायचं. अशा बाईला सन २०३४च्या भाद्रपदात एका लाल चौकोनाने पार हलवून सोडलं.

सकाळचे अकरा वाजले होते. गौरी यायला आठ दिवस होते. वैजूताई (गावात त्यांना वैजूताईच म्हणतात) आपल्या पुढच्या खोलीतल्या कार्यालयात लॅपटॉप उघडून पंचांगाच्या साइटवर एक मुहूर्त शोधत होत्या. केतकी हसबनीस आणि उंब्रजचा सारंग, यांच्या साखरपुड्याचा. ही साइट रोज सकाळी त्यांचा चेहरा बघून ‘आजचा दिवस कसा जाईल’ ते सांगायची. त्यासाठी कॅमेरा वापरायची परवानगी त्यांनीच कधीतरी हसत हसत दिली होती आणि विसरून गेल्या होत्या.

एकदम पडदाभर लाल चौकोन आला.

‘सावधान! तुमच्या संगणकात या क्षणी तिसरी व्यक्ती आहे. तुमचे बँकेचे व्यवहार वाचले जात आहेत.’

‘वाचू देत,’ वैजूताई स्वतःशी म्हणाल्या. ‘त्यालाही कळेल व्याज किती कमी मिळतं ते.’

चौकोन बदलला. ‘तुमचे खासगी फोटो उघड झाले आहेत.’ वैजूताईंचे खासगी फोटो म्हणजे दर वर्षीची गौरीची आरास आणि लोणच्याच्या बरण्या. त्यांनी चौकोन बंद करायची फुली शोधायला सुरुवात केली.

तेवढ्यात तिसरी ओळ उमटली. ‘इतरांनी विश्वासाने तुमच्यावर सोपवलेली माहिती वाचली जात आहे.’

वैजूताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. हात फुलीवरच थांबला.

मग ओळी भराभर येऊ लागल्या. विश्वासाने सोपवलेली माहिती. कुटुंबांची माहिती. कुटुंबांची आर्थिक माहिती... नाही, तब्येतीची माहिती. एका व्यक्तीच्या जुन्या आजारपणाची नोंद. एका मुलीच्या जुन्या आजारपणाची नोंद. आणि खाली, मोठ्या अक्षरांत: ‘ही नोंद शेवटची उघडली गेली: नऊ मिनिटांपूर्वी. ताबडतोब अभेद्य सुरक्षा-कवच घ्या.’

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बँक, फोटो असल्या गोष्टी कोणीही ठोकून देईल. पण मुलीचं आजारपण? ते याला कसं कळलं? कळलं याचा अर्थ आत कोणीतरी खरंच बसलं होतं.

कारण तशी नोंद होती. पूर्वी वैजूताईंची एक वही असायची, लाल कापडी बांधणीची. लोक जे फक्त त्यांना सांगत, ते तिच्यात लिहिलेलं असे. मोडलेले साखरपुडे, घटस्फोट, वडिलांचं दारूचं व्यसन, दत्तक मुलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने, शाल्मलीने, हट्टाने ती सगळी वही संगणकात चढवून घेतली. ‘आई, वाळवी लागली तर एकतीस वर्षं जातील.’ चारशे बारा घरं, आणि प्रत्येक घरापुढे एक रकाना: ‘फक्त माझ्यासाठी’. केतकीच्या रकान्यात लिहिलं होतं की, बाराव्या वर्षी तिला फिट्स यायच्या, चौदाव्या वर्षी थांबल्या, डॉक्टरांनी औषधही बंद केलं. हे सारंगला केतकीने स्वतः सांगितलं होतं. सारंगच्या आईला, कालिंदीताईंना, आपल्या तोंडाने आणि आपल्या वेळेला सांगायचं असं दोघांचं ठरलं होतं. ‘तोवर तुमच्या पोटात ठेवा, काकू,’ केतकी म्हणाली होती. आणि आता ते नऊ मिनिटांपूर्वी कोणीतरी उघडलं होतं!

वैजूताईंनी अभेद्य घेतलं. पैसे भरले, ‘चेहरा ओळखू द्यायचा का’ला ‘हो’ म्हटलं, आणि निश्चिंत व्हायची वाट बघत बसल्या. पण अभेद्य मुळी निश्चिंत होऊ देण्यासाठी नव्हतंच. रोज सकाळी ते नवा चौकोन दाखवायचं. काल रात्री पुन्हा प्रयत्न झाला. नोंद आता दोन ठिकाणी दिसते. अभेद्य सुवर्ण घ्या. अभेद्य कुटुंब घ्या. वैजूताईंनी सुवर्णही घेतलं, कुटुंबही घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांना अन्न गोड लागेना, आणि पाचव्या दिवशी त्यांनी मनाशी एक निर्णय घेतला.

कोणी चोर कालिंदीताईंच्या फोनवर ती नोंद पाठवणार असेल, तर त्याआधी आपणच सांगितलेलं बरं. निदान केतकीची बाजू तरी नीट मांडता येईल. त्यांनी उंब्रजला फोन केला. ‘पूजनाच्या दिवशी हळदीकुंकवाला या, कालिंदीताई. पाच वाजता. जरा बोलायचं पण आहे.’ शिवाय चारशे बारा घरांना पाठवायचं माफीचं पत्र लिहून तयार ठेवलं. विसर्जनाच्या दिवशी ते धाडायचं आणि मग केंद्राची पाटी उतरवायची.

घरात त्यांनी यातलं एक अक्षर काढलं नाही.

*

गौरी आल्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे मुखवटे पिवळसर, तजेलदार, डोळे टपोरे, नथ मोत्यांची. पुण्याहून शाल्मली आली. वैजूताईंचे यजमान विश्वनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून दर वर्षी आराशीत काहीतरी नवीन करतातच. यंदा त्यांनी दिव्यांची एक माळ आणली होती, जी एका लयीत उजळायची आणि मंदावायची.

‘हिला श्वासाची माळ म्हणतात,’ ते येईल त्याला सांगत होते. ‘दुकानदाराने वेग कमी-जास्त करायचं बटणसुद्धा दिलंय.’

‘देवीला धाप लागल्यासारखं वाटतंय, बाबा,’ शाल्मली म्हणाली.

पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळ्या, सगळं यथासांग झालं. लंडनच्या नणंदबाईंना दर्शन घडवायचं म्हणून वैजूताईंचा लॅपटॉप ज्येष्ठेच्या अगदी समोर, स्टुलावर ठेवला होता. नणंदबाईंनी हात जोडले, डोळे पुसले, बोलणं संपलं. लॅपटॉप उचलायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. पुरणपोळी आणि कटाची आमटी पोटात गेल्यावर घर जे आडवं झालं ते झालंच.

सव्वातीनला शाल्मली पाणी प्यायला उठली. विश्वनाथरावांच्या घोरण्याच्या मधेमधे दुसरा एक आवाज येत होता. टिंग. थोड्या वेळाने पुन्हा टिंग. ती गौरीपुढे आली आणि तिथेच थांबली.

लॅपटॉपच्या पडद्यावर लाल चौकोन होता. ‘तुमच्या नातवाच्या शाळेतले फोटो उघड झाले आहेत.’ टिंग. ‘तुमच्या पहिल्या लग्नाची कागदपत्रं उघड झाली आहेत.’ टिंग. ‘तुमच्या जुगाराच्या खात्याची...’

शाल्मलीला हसू फुटलं. आईला नातू नव्हता, पहिलं आणि शेवटचं लग्न एकच होतं, आणि जुगार म्हणजे गौरीच्या जागरणातला पत्त्यांचा डाव. मग तिचं लक्ष कॅमेऱ्याशेजारच्या इवल्याशा हिरव्या दिव्याकडे गेलं आणि हसू मावळलं. कॅमेरा चालू होता. तो ज्येष्ठेच्या मुखवट्याकडे बघत होता.

तिने माळेकडे पाहिलं. घड्याळ काढलं आणि मोजायला लागली. पंधरा सेकंदांत अठरा वेळा. म्हणजे मिनिटाला बहात्तर.

‘आई!’ ती एवढ्या जोरात ओरडली की विश्वनाथराव घोरता घोरता उठून बसले. ‘आई, लवकर ये! हे यंत्र गौरीची नाडी बघतंय!’

*

‘नीट सांग,’ वैजूताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मुलीने तो चौकोन बघितला होता, म्हणजे आता लपवण्यात अर्थ नव्हता.

शाल्मलीने स्टूल ओढलं. ‘माझ्या प्रयोगशाळेत आम्ही काय केलं ते तुला सांगितलं होतं ना? हृदयाचा प्रत्येक ठोका पडला की चेहऱ्यात थोडं रक्त चढतं आणि उतरतं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना ते कधीच दिसत नाही. साध्या कॅमेऱ्याला दिसतं. गणित बसवून हा रंग मिनिटाला किती वेळा बदलला ते फक्त मोजायचं. झाली नाडी. हात लावायला नको, यंत्र बांधायला नको. पाड्यावरच्या आरोग्यसेविकेला फोनवर करता यावं म्हणून आम्ही ते सगळ्यांना फुकट वापरायला खुलं ठेवलं होतं.’

‘बरं, मग?’

‘मग कोणीतरी ते उचललं. हे बघ, पडद्यावर ओळ उमटली की ते तुझ्या नाडीकडे बघतं. वाढली नाही? विषय बदल. वाढली? तोच विषय धर आणि आणखी जवळ जा. तुझ्या संगणकात काय आहे ते याला कळतच नाही. तू कशाला घाबरतेस तेवढं कळतं. पण आज दुपारी समोर तू नव्हतीस, गौर होती! तिला डोळे आहेत, नाक आहे, ओठ आहेत, म्हणजे चेहरा आहे. आणि बाबांची माळ तिच्या गालावर मिनिटाला बहात्तर वेळा उजळतेय. यंत्राला वाटतंय हीच नाडी! बहात्तर म्हणजे बहात्तर, एकानेही कमी-जास्त नाही. असं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलेलं नाही. त्यामुळे ते एकामागून एक सगळं काढून दाखवतंय!’

टिंग. ‘तुमच्या ट्रकच्या परवान्याची माहिती उघड झाली आहे.’

‘ट्रक!’ विश्वनाथराव म्हणाले. ‘देवीला ट्रक!’ आणि मग जरा छाती काढून, ‘माळ कोणी आणली होती?’

वैजूताई हसल्या नाहीत. त्या गौरीकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या मनात काहीतरी जुळत होतं. पोह्यांची बशी पुढे केली की त्या काय करायच्या? मुलाच्या आईला पाच साधे प्रश्न. गाव कुठलं? शेती कोण बघतं? थोरल्याचं कसं चाललंय? कुठल्या प्रश्नाला पदर सावरला जातो तेवढं बघायचं. मग त्या प्रश्नाच्या आजूबाजूला घुटमळायचं. समोरच्या बाईला वाटायचं, वैजूताईंना आधीच सगळं कळलंय. कळलेलं काहीच नसायचं.

‘अगं, हे तर मी करते!’ त्या म्हणाल्या. ‘एकतीस वर्षं मी हेच करतेय! आणि मेल्याने माझ्यावरच केलं!’

त्या इतक्या संतापल्या होत्या आणि इतक्या खूश झाल्या होत्या, की दोन्ही एकदम कसं होऊ शकतं ते त्यांना स्वतःलाच कळेना. मग त्या मटकन खाली बसल्या आणि सगळं बोलून टाकलं. लाल चौकोन, केतकीची नोंद, माफीचं पत्र. शेवटी कालिंदीताईंना केलेला फोन.

शाल्मली ऐकत होती. ‘म्हणजे माझ्या गणिताने तुला आठ दिवस उपाशी ठेवलं,’ ती म्हणाली, आणि डोळे पुसू लागली.

‘रडतेस काय? किती वाजले बघ.’

चार वाजायला दहा मिनिटं होती. पाच वाजता कालिंदीताई येणार होत्या.

*

‘पण शाल्मली,’ वैजूताई म्हणाल्या, ‘हे यंत्र नाडी बघतं, मान्य. तरी माझी नोंद खरंच फुटली असेल तर? दोन्ही असू शकतं ना? लबाड माणूससुद्धा कधीकधी खरं बोलतो. मी हे धंद्यात पाहिलंय. आज कालिंदीताईंना नाही सांगितलं आणि उद्या त्यांना बाहेरून कळलं, तर ती पोर जन्मात माझं तोंड बघणार नाही. आणि सांगितलं, आणि फुटलेलंच नसलं...’

 फुटलेलं नसलं, तर केतकीचा विश्वासघात करणारी जगात एकच बाई असणार होती.

शाल्मलीने बाह्या सरसावल्या. ‘सांगते कसं कळेल ते. माझ्या बॅगेत डबाबंद नवा लॅपटॉप आहे. ऑफिसने परवा दिलाय, अजून प्लास्टिकही काढलेलं नाही. त्यात काही नाही. फाइल नाही, फोटो नाही, वही नाही. तू त्याच्यासमोर बस आणि तेच पंचांग उघड. तो तुला काय सांगतो ते बघू.’

पुढच्या खोलीत, पाहुण्यांच्या खुर्चीसमोरच्या टेबलावर, नवा लॅपटॉप उघडला गेला. प्लास्टिक फाडलं ते विश्वनाथरावांनी. तेवढं काम कोणाला करू दिलं असतं तर शपथ! साइट उघडली. ‘तुमचा चेहरा बघून आजचा दिवस सांगू का?’ ‘हो.’ शाल्मलीने आपल्या फोनमध्ये सगळं टिपायला सुरुवात केली.

वैजूताई बसल्या. चष्मा नीट केला. त्यांना वाटलं होतं, आता सगळं माहीत आहे तर काळीज शांत राहील. कसलं शांत राहतंय!

लाल चौकोन आला. बँक. वैजूताईंनी नाक मुरडलं. फोटो. त्यांनी ओठ आवळले. ‘इतरांनी विश्वासाने सोपवलेली...’ आणि धडधड सुरू झाली. त्यांना ती कानात ऐकू येत होती. त्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या. कुटुंबं. पैसे. तब्येत. आजारपण. एक व्यक्ती. एक मुलगी.

‘एका मुलीच्या जुन्या आजारपणाची नोंद तुमच्या संगणकातून उघडली गेली आहे. सहा मिनिटांपूर्वी.’

शाल्मलीने फोनवरची वेळ बघितली.

‘सहा मिनिटांपूर्वी,’ विश्वनाथराव हळूच म्हणाले, ‘हा डब्यात होता.’

वैजूताई उठल्या, खुर्ची मागे पडली, तिकडे कोणी बघितलं नाही. त्यांनी शाल्मलीला दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि दोघी खोलीच्या मधोमध फुगडीच्या पवित्र्यात उभ्या राहून चक्क दोन गिरक्या घेतल्या. साठीची बाई आणि तिची तिशीची मुलगी! ‘फुटलं नाही! काही फुटलं नाही! सगळं माझ्या तोंडावरच होतं!’ जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते वैजूताईंना त्या दिवशी कळलं. चारशे बारा घरं जागच्या जागी होती. केतकीची गोष्ट केतकीचीच होती.

पुढे जे झालं ते बरंच गाजलं. शाल्मलीने ज्येष्ठेसमोरच्या लॅपटॉपची पूर्ण नोंद काढली. पावणेदोनपासून तीन वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत, शंभर मिनिटांत, तीनशे शहाऐंशी इशारे, एकाच मुखवट्याला. ‘जो घाबरत नाही त्याला सोडून द्यायचं’ हे त्या यंत्रात कोणी लिहिलंच नव्हतं, आणि तिथेच ते सापडलं. ग्राहक आयोगासमोर कंपनीच्या वकिलाने विचारलं की तक्रारदार नेमकं कोण, तेव्हा विश्वनाथरावांनी मुखवटा आणि माळ दोन्ही बाहेर काढून टेबलावर ठेवली. अभेद्य बंद पडलं. शाल्मलीने आपल्या गणितात एक भर घातली. नाडी बघण्याआधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत विचारायचं, आणि माणसाने प्रत्येक वेळी ‘हो’ म्हटल्याशिवाय एक ठोकाही मोजायचा नाही. ‘आधीच घालायला हवी होती,’ असं ती अजूनही म्हणते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी अजून पाच वाजायचे होते, आणि कालिंदीताई पावणेपाचलाच आल्या.

*

फाटक वाजलं तेव्हा वैजूताई आत नवं लुगडं नेसत होत्या, शाल्मली स्वयंपाकघरात वाटल्या डाळीच्या वाट्या भरत होती आणि विश्वनाथराव माळेचा वेग वाढवून कमी करून बघत होते.

‘बसा हो, बसा,’ विश्वनाथराव तिथूनच ओरडले. ‘आलीच ती.’

कालिंदीताई चपला काढून पुढच्या खोलीत आल्या. उंच, सावळी, मोजकं बोलणारी बाई. पाहुण्यांची एकच खुर्ची होती, कोणीतरी उचलून पुन्हा सरळ ठेवलेली. त्या तिच्यावर बसल्या. समोर नवा लॅपटॉप उघडाच होता.

कुंकवाचा करंडा घेऊन वैजूताई दारात आल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

कालिंदीताई पडद्याकडे बघत होत्या. लाल उजेड त्यांच्या गालावर पडला होता. वैजूताईंना बाजूने सगळं दिसत होतं, पडदाही आणि चेहराही. बँक, गेली. फोटो, गेले. ‘तुम्ही घरातल्या माणसांपासून लपवलेली गोष्ट...’ कालिंदीताईंनी पदर सावरला.

‘मुलापासून लपवलेली गोष्ट...’

हातातली पर्स घट्ट धरली गेली.

‘मुलाच्या जन्माच्या...’

ओळ पुढे सरकत होती. आणखी दोन शब्द, फार तर तीन. वैजूताईंचा एकतीस वर्षांचा धंदा त्यांच्या कानाशी ओरडत होता. बघ! मुलाकडची बाजू आहे, मार्गशीर्षात लग्न आहे, केतकीला तूच हे स्थळ दाखवलंस, तुला कळायलाच हवं! खरं सांगायचं तर त्यांना बघायचं होतं. त्यांना फार फार बघायचं होतं. तीन प्रश्न विचारून, चहा पाजून जे निघालं नसतं, ते इथे अर्ध्या मिनिटात आयतं उमटणार होतं.

त्यांनी दोन पावलं टाकली आणि लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं.

कालिंदीताई दचकल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. वैजूताईंनी आजवर हजार चेहरे वाचले होते, आणि हा चेहरा तर उघड्या पुस्तकासारखा समोर होता. त्यांनी खाली करंड्याकडे बघितलं आणि त्याचं झाकण काढायला उगाच वेळ लावला.

‘खोटारडं यंत्र आहे ते,’ त्या म्हणाल्या. ‘लोकांना घाबरवून औषध विकतं. डब्यातून आत्ता काढलंय, त्याला तुमचं-माझं काय कळणार? आमच्या गौरीला म्हणे ट्रकचा परवाना आहे!’

कालिंदीताई हसल्या नाहीत. पर्सवरचे हात अजून तसेच होते. ‘तुम्ही फोनवर म्हणालात, बोलायचं आहे.’

‘हो तर. साखरपुड्याचा मुहूर्त. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, सकाळी साडेदहा. चालेल?’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

आतून शाल्मलीचा आणि विश्वनाथरावांचा माळेवरून वाद ऐकू येत होता. कालिंदीताईंनी एकदा मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा वैजूताईंकडे.

‘वैजूताई,’ त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘त्यावर जे येत होतं... तुम्ही वाचलंत?’

‘छे हो,’ वैजूताई म्हणाल्या. ‘माझा चष्मा देवघरात राहिला.’

चष्मा त्यांच्या नाकावर होता. कालिंदीताईंनी त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि कुंकू लावून घ्यायला कपाळ पुढे केलं.